हर्रास पुकारणाऱ्याचा परवाना

ढिगाभोवती दहा-बारा खरेदीदार गोळा झालेले असतात. कुणी ओंजळभर तूर उचलून फुंकर मारतो आणि काडीकचरा किती ते बघतो. कुणी एक दाणा दाताखाली फोडतो. कट्‌ असा आवाज आला तर माल वाळलेला, दाणा चेपला तर ओल आहे. मध्ये उभा असलेला माणूस एक आकडा पुकारतो. समोरून कुणी नुसती मान हलवतो, कुणी बोट वर करतो. आकडा दहा-वीस रुपयांनी चढतो, थबकतो, पुन्हा चढतो. "एक बार, दोन बार, तीन बार." शेजारचा कारकून चिठ्ठीवर भाव आणि खरेदीदाराचं नाव टिपतो आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरहून पहाटे माल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याच्या हंगामाचा निकाल तेवढ्या दोन मिनिटांत लागलेला असतो.

रिद्धपूरच्या शेतकऱ्याला मोर्शी, चांदूर बाजार नाहीतर अमरावतीचं यार्ड गाठावं लागतं. कुठेही गेला तरी त्याच्या मालाला हात लावणारी माणसं त्याच जातकुळीची असतात. ज्याच्या ओट्यावर ढीग पडला त्या अडत्याकडे बाजार समितीचा परवाना असतो. बोली लावणाऱ्या खरेदीदाराकडे असतो. काट्यावर उभ्या असलेल्या मापाऱ्याकडे असतो, पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाकडेही असतो. मात्र ज्याच्या तोंडून भाव ठरला, त्या हर्रास म्हणजे लिलाव पुकारणाऱ्याकडे पुकारण्याचा म्हणून वेगळा परवाना नसतो. तो एक तर समितीचा कर्मचारी असतो किंवा अडत्याचा माणूस. हे काम तो कुठे शिकला, कुणाच्या हाताखाली किती दिवस उमेदवारी केली, हे कुणी विचारत नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते. ती आपल्याकडे राहावी याचं वाईटही वाटतं, कारण बाजारातल्या माणसांना परवान्याने बांधण्याची सुरुवात या देशात वऱ्हाडातच झाली.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडून राहिला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८७०मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत. कापूस आता बंडीतून थेट आगगाडीपर्यंत जाऊ लागला. गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी भावात हवा होता, आणि बाजारात तर प्रत्येक वळणावर एक दलाल उभा. मग १८८६ साली हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने कारंजा इथे सरकारी नियमांखालचा बाजार सुरू झाला. आज वाशीम जिल्ह्यात असलेलं हे कारंजा म्हणजे भारतातली पहिली नियंत्रित बाजारपेठ. १८९७मध्ये त्यापुढे जाऊन अख्ख्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. एखादं ठिकाण बाजार म्हणून जाहीर झालं की तिथे समिती नेमायची, दलाल आणि तोलाऱ्यांना परवाने द्यायचे, आसपास बिनपरवाना बाजार भरू द्यायचा नाही, अशी त्याची मांडणी होती. पुढे मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा झाला, मध्य प्रांतात १९३०च्या दशकात कायदे झाले. वऱ्हाडचा अनुभव या सगळ्यांच्या आधीचा आहे.

परवान्याची गरज पडली ती बाजारातल्या जुन्या वहिवाटीमुळे. त्या काळी, आणि बऱ्याच बाजारांत पुढे कित्येक वर्षं, सौदा हत्ता पद्धतीने होई. खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर बसत आणि हातांवर उपरणं किंवा धोतराचा सोगा टाकत. त्या कापडाखाली एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची. किती बोटं धरली तो आकडा, आणि आकडा दहाचा की शंभराचा हे दोघांना ठाऊक. एक खरेदीदार उठला की दुसरा बसे. शेवटी अडत्या सांगे, अमक्याचा भाव सगळ्यांत जास्त आला. माल ज्याचा तो शेतकरी हातभर अंतरावर उभा राहून कापडाची हालचाल बघत असे. कुणी किती दिला आणि अडत्याने किती सांगितला, हे ताडून बघायची त्याला सोयच नव्हती. सौदा झाल्यावर वजनात सूट, मालाच्या पोताबद्दल कडता, नमुना म्हणून ओंजळभर, धर्मादाय म्हणून थोडं, झाडणाऱ्यासाठी थोडं, असं करत ढीग खालून पोखरला जाई. बहुतेकांना वाटतं, अडाणी शेतकऱ्याला वजन कळत नव्हतं म्हणून तो नागवला गेला. मला वाटतं, वजन त्याला चांगलं कळत होतं. त्याच्यापासून लपवला गेला होता तो भाव ठरण्याचा क्षण.

नियंत्रित बाजारांनी हत्ता पद्धत मोडून उघड लिलाव आणला. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भाव पुकारायचा. शेतीबाजाराच्या इतिहासात याहून मोठी सुधारणा मला दिसत नाही. तरीही १८९७च्या कायद्याखाली ज्या समित्या झाल्या त्यांत वजन कापूस व्यापाऱ्यांचं होतं, शेतकऱ्याला जागा नव्हती. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाने १९२८च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांची दखल घेतली, देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली आणि समितीत पिकवणाऱ्याचे प्रतिनिधी हवेत हेही सांगितलं. आज आपल्या बाजार समितीत १८ संचालक असतात. सेवा सहकारी संस्थांतून ११, ग्रामपंचायतींतून ४, व्यापारी-अडत्यांचे २ आणि हमाल-मापाऱ्यांचा १. कागदावर तरी पारडं शेतकऱ्याकडे झुकलेलं आहे.

आजचा आपला कायदा १९६३चा, कृषी उत्पन्न पणनाचा, आणि त्याखालचे नियम १९६७चे. त्याचं कलम ६ म्हणजे परवान्याचं मूळ. बाजार क्षेत्रात खरेदीदार, अडत्या, दलाल, प्रक्रिया करणारा, तोलारी, मापारी, सर्वेक्षक, वखारवाला किंवा अन्य कोणत्याही नात्याने काम करायचं तर परवाना हवा, असं ते सांगतं. शेतकऱ्याला मात्र स्वतःचा माल विकायला परवाना लागत नाही. किरकोळ विक्रीला लागत नाही, आणि घरी खाण्यापुरतं विकत घेणाऱ्यालाही लागत नाही. ही सवलत कलमात स्पष्ट लिहिलेली आहे. कित्येक शेतकऱ्यांना ती माहीत नसते, आणि फाटकावर कुणी दरडावलं की ते गप्प बसतात.

परवाना मिळतो कसा? अर्ज, फी आणि खरेदीदार-अडत्यांच्या बाबतीत तारण म्हणून अनामत किंवा बँकेची हमी. समितीला परवाना नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर वर दाद मागता येते. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारणंही कायद्याने ठरवून दिली आहेत. खोटी माहिती देऊन मिळवला, अटी मोडल्या, धारक दिवाळखोर झाला, ही त्यांतली नेहमीची. आणखी एक कारण विशेष महत्त्वाचं आहे. बाजार बंद पाडण्याच्या हेतूने परवानाधारकांनी एकत्र येऊन काम थांबवलं तर तेही परवाना जाण्याचं कारण ठरतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये कांद्यावरच्या ४० टक्के निर्यात शुल्काच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, तेव्हा परवाने रद्द करण्याच्या इशाऱ्यांपर्यंत गोष्ट गेली होती, ती याच तरतुदीच्या बळावर. परवाना ही भिंतीवर टांगायची पाटी नव्हे. त्याच्या मोबदल्यात परवानाधारकाने बाजाराला काही देणं मान्य केलेलं असतं. रोज हजर राहणं, उघड बोली लावणं, मोजून घेतलेल्या मालाचा चुकारा वेळेत करणं हे ते देणं.

आता त्या यादीकडे परत बघा. खरेदीदार आहे, तोलारी आहे, वखारवालासुद्धा आहे. लिलाव पुकारणारा असं नाव मात्र त्यात नाही. फार तर 'अन्य कोणत्याही नात्याने' या शब्दांत त्याला बसवता येईल. प्रत्यक्षात तो बसतो अडत्याच्या परवान्याखाली किंवा समितीच्या नोकरीखाली. देशाच्या पातळीवरही तेच आहे. १९३०च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाला वाहिलेलं आहे आणि ते फार नेमकं आहे. माल वेगवेगळ्या गटांत मांडला असेल तर प्रत्येक गटाचा करार वेगळा धरायचा. हातोडा पडला किंवा जी रूढ खूण असेल ती झाली की विक्री पूर्ण. आपल्याकडे ती खूण म्हणजे 'तीन बार'. तोवर बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल तर ते आधी जाहीर करायला हवं. भाव फुगवायला खोट्या बोल्या लावल्या तर खरेदीदाराला सौदा मोडता येतो. लिलाव कसा व्हावा हे या कलमाने सांगितलं, तो कोण चालवू शकेल हे नाही सांगितलं.

एका बाबतीत हे कलम आपल्या शेतकऱ्याला तोकडं पडतं. ते बहुतेक खरेदीदाराची काळजी करतं, म्हणजे भाव खोटा फुगण्याची. यार्डातलं दुखणं उलट आहे. तिथे भाव खोटा दाबला जातो. चार-पाच खरेदीदारांनी सकाळी चहा घेताना आपसात ठरवलं की आज या आकड्याच्या वर जायचं नाही, तर ढिगाभोवती बोली चालू असल्याचा देखावा होतो आणि आकडा हलत नाही. इंग्लंडने अशा संगनमताविरुद्ध १९२७ साली स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे २००२च्या स्पर्धा कायद्याने बोलीतलं संगनमत बेकायदा ठरवलं आहे. पण त्याची तक्रार दिल्लीच्या स्पर्धा आयोगापुढे चालते. तुरीची वीस पोती घेऊन आलेला माणूस दिल्लीला जाणार आहे थोडाच? त्याच्या वतीने तिथल्या तिथे हे ओळखू शकेल असा एकच माणूस ढिगाजवळ उभा असतो, तो म्हणजे हर्रास पुकारणारा. बोली कुठे अडते, कोण कुणाकडे बघून थांबतो, काल याच प्रतीला काय गेलं होतं, हे त्याला दिसत असतं. त्याने दोन क्षण थांबून पुन्हा आकडा पुकारला, मागे उभ्या असलेल्या बाहेरगावच्या खरेदीदाराला पुढे बोलावलं, तर भाव हलतो. त्याने घाईने 'तीन बार' म्हटलं तर हलत नाही. इतकं ज्याच्या हातात आहे त्याच्या लायकीबद्दल कायदा गप्प आहे.

दुसरीकडे काय करतात? इंग्लंडमध्ये १८४५च्या कायद्याने प्रत्येक लिलावदाराला दरसाल दहा पौंडांचा परवाना घ्यावा लागे, आणि लिलावाच्या जागी आपलं पूर्ण नाव-पत्ता लावावा लागे. १९४९मध्ये परवान्याचा कर उठला. अमेरिकेत केंद्राचा कायदा नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. सुमारे निम्म्या राज्यांत लिलावदाराला राज्याचा परवाना लागतो, उरलेल्यांत लागत नाही. जिथे लागतो तिथे साधारण परीक्षा असते, जामीन असतो, आणि पेन्सिल्वेनिया किंवा केंटकीसारख्या राज्यांत उमेदवार लिलावदारासाठी वेगळा परवानाही असतो. उमेदवाराने कुणा परवानाधारक लिलावदाराच्या हाताखाली काम करायचं. त्या लिलावदाराने त्याला आपला म्हणून लेखी स्वीकारायचं. उमेदवाराने केलेल्या चुकीची जबाबदारी त्या लिलावदारावर येते. उमेदवाराला स्वतःच्या नावाने लिलाव घेता येत नाही. गुरूने सोडलं किंवा गुरूचा परवाना गेला की उमेदवाराचं कामही थांबतं.

त्या राज्यांच्या नियमांतली एक गोष्ट मला आपल्याकडे उचलून आणावीशी वाटते, ती पैशाची. विकणाऱ्याचा पैसा लिलावदाराने स्वतःच्या खात्यात ठेवायचा नाही, वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवायचा आणि ठरलेल्या मुदतीत चुकता करायचा. केंटकीत परवाना फीतून एक निधी उभा केला आहे. परवानाधारकाने कुणाला बुडवलं आणि न्यायालयात ते सिद्ध झालं, तर त्या निधीतून भरपाई मिळू शकते. वऱ्हाडात व्यापारी पळाला, अडत्याचं दिवाळं निघालं, चुकारे अडकले, अशा गोष्टी प्रत्येक पिढीने पाहिल्या आहेत. आपल्याकडे खरेदीदाराची अनामत असते, पण ती त्याच्या दिवसाच्या उलाढालीपुढे कितीशी पुरते?

आपल्याकडे उमेदवारी नाही असं मात्र नाही. ती आहे, फक्त लिहिलेली नाही. अडत दुकानात पोरगा दहावी-बारावी होऊन येतो. आधी चिठ्ठ्या लिहितो, मग नमुने काढायला शिकतो. हंगामात दिवाणजीबरोबर ढिगामागून ढिगाकडे फिरतो. पहिल्यांदा त्याला पुकारायला मिळतं ते कमी मालाच्या दिवशी, शेवटच्या ओट्यावर. आवाज कसा टाकायचा, आकडा किती रुपयांनी चढवायचा, कुणाची मान हलली म्हणजे होकार आणि कुणाची हलली तर नुसतीच सवय, हे त्याला कुणी शिकवत नाही. उभं राहून राहून ते अंगात मुरतं. अमेरिकेतल्या लिलाव शाळांत जिभेला वळण लावण्याचे पाठ घेतात, आकडे झरझर मागेपुढे म्हणायला लावतात. आपला पोरगा तेच उन्हात ओट्यावर शिकतो. त्याचं कसब कमी प्रतीचं नाही. हाताखाली शिकलेला चांगला पुकारणारा ढीग लांबून बघून भावाचा अंदाज बांधतो, तो बहुतेक वेळा दहा-वीस रुपयांच्या आत बसतो. त्याच्याकडे नसतो तो दाखला. कलम ६४ त्याला कुणी वाचून दाखवलेलं नसतं. शेतकऱ्याने भाव नाकारला तर काय करायचं हे त्याने मालकाकडून ऐकलेलं असतं, कायद्यातून नाही. मालकाने सांगितलं की अमक्याला जरा सांभाळून घे, तर नाही म्हणायला त्याच्या पायाखाली स्वतःची अशी जमीन नसते.

मधल्या काळात या उमेदवारीत एक मोठा खंडही पडला. राज्याने १९७१चा कायदा करून १९७२च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, प्रतवारी केंद्रावर होणार, भाव आधीच जाहीर. जवळजवळ तीस वर्षं ही योजना चालली, आणि तेवढा काळ वऱ्हाडच्या मुख्य पिकाचा हर्रास बंद राहिला. योजनेच्या भल्याबुऱ्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. तिने कापसाची बोली पुकारणाऱ्यांची एक पिढी संपवली, याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. योजना गेल्यावर कापूस बऱ्याच ठिकाणी थेट जिनिंगच्या आवारात जाऊ लागला आणि काट्यावरच भाव ऐकायची सवय शेतकऱ्याला लागली. अकोटसारख्या बाजारात कापसाची बोली लागते, तिथे लांबून गाड्या येतात, याचं कारण हेच की शेतकऱ्याला चारचौघांत पुकारलेला भाव हवा असतो.

मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात संत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. आंबिया बहार असो की मृग, बराचसा सौदा यार्डात होतच नाही, झाडावरच होतो. व्यापारी बागेत फिरतो, फळाचा अंदाज बांधतो, ठोक रक्कम ठरते आणि इसार हातावर ठेवला जातो. २०१६च्या जुलैमध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. यार्डाबाहेर संत्रा घ्यायला समितीचा परवाना लागेनासा झाला. त्याच वेळी फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असंही ठरलं, आणि ते योग्यच झालं. मोकळीक मिळाल्याने दिल्ली-कोलकात्याचे खरेदीदार थेट बांधावर येऊ लागले याचा फायदा झाला, हे मी नाकारत नाही. पण भाव पडल्यावर इसार सोडून निघून जाणाऱ्याला, चांगलं फळ तोडून बारीक फळांची चुरी झाडावर ठेवणाऱ्याला आता कोणत्या परवान्याची भीती घालायची? यार्डात उघड हर्रासाला आलेल्या संत्र्याचा भाव निदान चारजणांनी ऐकलेला असतो आणि समितीच्या दप्तरात तो लिहिला जातो. बागेतल्या सौद्याला साक्षीदार म्हणजे झाडं. लेखी सौदापत्र, तोडणीची तारीख आणि फळाच्या प्रतीचा उल्लेख एवढं तरी शेतकऱ्याने मागून घ्यावं.

परवाना असावा की नसावा हा वाद २०२०मध्ये देशभर पेटला. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांपैकी एकाने बाजार समितीच्या आवाराबाहेर नुसतं पॅन कार्ड असलेल्या कुणालाही शेतमाल घ्यायला मुभा दिली होती. चुकारा त्याच दिवशी, फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत करायचा होता. जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि वर्ष संपता संपता कायदे मागे घेतले गेले. परवाना म्हणजे व्यापाऱ्यांच्या टोळक्याला मिळालेली मक्तेदारी, असं एका बाजूचं म्हणणं, आणि परवाना गेला तर शेतकऱ्याला धरायला कुणी उरत नाही, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्हींत तथ्य आहे. नव्या माणसाला आत येऊ न देण्यासाठी परवान्याचा उपयोग झालेला आहे, आपल्या बाजारांतही झालेला आहे. म्हणून पुकारणाऱ्याच्या परवान्याचा आग्रह धरताना मी त्याची फी वाढवा किंवा संख्या बांधून द्या असं म्हणणार नाही. मला हवी ती नोंद, शिक्षण आणि जबाबदारी. हंगामभर एखाद्या जाणत्याच्या हाताखाली काम केल्याची नोंद, कायद्याची आणि प्रतवारीची साधी परीक्षा, आणि छातीवर नाव-क्रमांकाचा बिल्ला. १९८४पासून काम करणारं पुण्याचं राज्य कृषी पणन मंडळ प्रशिक्षण वर्ग घेतं. धान्याची प्रत ओळखणाऱ्याला ॲगमार्कचं रीतसर शिक्षण मिळू शकतं. मग भाव पुकारणाऱ्यालाच काय म्हणून वगळायचं?

कुणी म्हणेल, आता ई-नाम आलं, पुकारणाऱ्याची गरजच संपणार. १४ एप्रिल २०१६ला सुरू झालेल्या या राष्ट्रीय बाजारात खरेदीदार पडद्यावर बोली टाकतो. दुसऱ्याची बोली त्याला दिसते पण बोलणारा दिसत नाही, त्यामुळे मान हलवून खुणावण्याची सोय राहत नाही. ही फार चांगली गोष्ट आहे. पण पडद्यावर बोली लावणारा माल न बघता लावणार, म्हणजे तो विसंबणार तपासणीच्या अहवालावर. ओल किती, काडीकचरा किती, डागी दाणे किती. ढिगात हात घालून नमुना कुठून काढला यावर तो अहवाल अवलंबून असतो. वरवरचा नमुना वेगळा बोलतो, तळचा वेगळा. म्हणजे दोन मिनिटांत शेतकऱ्याच्या हंगामाचा निकाल लावणारा माणूस बदलला, नाहीसा झाला नाही. पुकारणाऱ्याच्या जागी नमुना काढणारा आला, आणि त्याच्याही शिक्षणाची, जबाबदारीची तीच चौकशी करावी लागणार आहे.

तोवर रिद्धपूरहून माल नेणाऱ्याने एवढं करावं. अडत्याच्या दुकानात परवाना लावलेला असतो, त्याची मुदत बघावी. हर्रासाच्या वेळी ढिगापासून हलू नये. भाव पटला नाही तर तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं नाही म्हणावं. वजन समितीच्या मापाऱ्यासमोर व्हावं आणि काट्यावरचा आकडा आधी आपण वाचावा. हिशेबपट्टीवर भाव, वजन, कपात आणि खरेदीदाराचं नाव असल्याशिवाय ती खिशात घालू नये. चुकाऱ्यासाठी पुढची तारीख सांगितली तर ती लिहून मागावी. तक्रार आधी समितीच्या सचिवाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर अमरावतीला सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक बसतात, त्यांच्याकडे जावं, आणि त्यांच्याही वर पुण्याला पणन संचालक आहेत.